ना घाई, ना रेंगाळणं

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या बायकांना लय म्हणजे काय, हे शिकवायला कुणी यावं लागत नाही. पावसाळ्यात बांधीत उतरून रोवणी करताना जे गाणं म्हटलं जातं, त्याची लय हातातल्या पऱ्ह्यांवरून ठरते. हात चिखलात जाऊन वर येईपर्यंत ओळीचा एक तुकडा होतो. गाणं त्याहून जलद म्हटलं तर रोप वाकडं लागतं, आणि उगाच लांबवलं तर रांग मागे पडते. जात्यावरच्या ओवीचंही तसंच होतं. पाळूचा फेरा आणि ओवीचा सूर एकमेकांना सांभाळून चालत. लय कुणी मोजत नसे, ती अंगातच असे.

पण हेच गाणं शेतातून, जात्यावरून उठून चार लोकांसमोर आलं, की सगळं बिघडतं! गावोगावच्या महिला भजनी मंडळांत हे दिसतंच. अभंग सुरू होतो शांतपणे. दुसऱ्या कडव्याला ढोलकी थोडी पुढे पळते, पेटी तिच्या मागे धावते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत गाणाऱ्या बायकांना धाप लागलेली असते. ऐकणारे टाळ्या वाजवतात, म्हणून पुढच्या वेळी आणखी पळवतात. दुसऱ्या टोकाला शास्त्रीय संगीत. रेडिओवर बडा ख्याल लागला की घरातलं कुणीतरी म्हणतं, अजून गाणं सुरूच झालं नाही वाटतं! एक शब्द घेऊन गाणारा इतका वेळ काय करतो, हे कळत नाही आणि बटण फिरवलं जातं.

मग योग्य लय कोणती? आणि ती ठरवायची कुणी? गुरूने, घराण्याने, तबलजीने, समोर बसलेल्या लोकांनी, की गाणाऱ्या बाईने? मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर जिने आपल्या सगळ्या आयुष्याने दिलं, तिची आज ओळख करून घेऊ. तिचं नाव हिराबाई बडोदेकर.

हिराबाईंचा जन्म १९०५ सालचा, मिरजेचा. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावातून आलेले आणि त्या गावावरूनच ज्यांच्या गाण्याला किराणा घराणं हे नाव पडलं, ते थोर गवई. आई ताराबाई माने, बडोद्याच्या एका सरदार घराण्यातली मुलगी. खाँसाहेब बडोदे दरबारी गायला होते, तिथे दोघांची मनं जुळली आणि त्यांनी बडोदं सोडलं. त्या काळात हे किती धाडसाचं होतं, ते सांगायला नको. त्यांना पाच मुलं झाली. सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, सरस्वतीबाई आणि कृष्णराव. घरात सकाळ-संध्याकाळ तंबोरा लागलेला. खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं होतं. त्यामुळे मुलांच्या कानांवर सूर पडत होते ते अगदी रांगत्या वयापासून.

पण १९२०च्या आसपास हे घर दुभंगलं. ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन, मुंबईसारख्या शहरात पाच मुलं एकटीने वाढवायची! आज आपण महिला मेळाव्यांतून एकट्या बाईच्या संसाराबद्दल बोलतो, तेव्हा मला ताराबाई आठवतात. त्यांनी रडत बसण्याऐवजी मुलांच्या हाती असलेली विद्या पक्की करायची ठरवलं. थोरल्या सुरेशबाबूंकडून हिराबाईंना शिक्षण मिळू लागलं. आणि पुढे घरी आले ते खाँसाहेबांचेच नातलग, उस्ताद अब्दुल वहीद खाँ.

संथ लयीची खरी गोष्ट इथून सुरू होते.

वहीद खाँसाहेबांना ऐकायला कमी येई, म्हणून लोक त्यांना बहरे वहीद खाँ म्हणत. त्यांचं गाणं मात्र असं, की आवाजाच्या बारीकातल्या बारीक छटा त्यात असत. त्यांचा ख्याल अतिशय संथ, त्याला अतिविलंबित म्हणतात. चौदा मात्रांचा झुमरा ताल त्यांना प्रिय. एकेक सूर घ्यायचा, त्याच्याभोवती फिरायचं, तो पुरता उलगडला की मगच पुढच्या सुराकडे जायचं. एकाच रागात ते तासन् तास रमत. पुढे उस्ताद अमीर खाँसारखा मोठा गवई त्यांच्या या संथ गाण्यावरच मोहित झाला आणि तीच लय त्याने आपली केली.

हे संथ म्हणजे किती संथ, याचा घरच्या घरी हिशेब करून बघा. घड्याळाच्या पाच सेकंदांना एक मात्रा धरा. झुमऱ्याच्या चौदा मात्रा म्हणजे ७० सेकंद. म्हणजे तबल्याचं एक आवर्तन पूर्ण होऊन समेवर यायला एक मिनिटाहून जास्त वेळ! बारा मात्रांच्या एकतालात मात्रेला चार सेकंद धरले तर ४८ सेकंद लागतात. आणि तीच मात्रा दोन सेकंदांची केली तर २४ सेकंद. राग तोच, बंदिश तीच, ताल तोच. पण ४८ सेकंदांचं गाणं आणि २४ सेकंदांचं गाणं यांचा स्वभाव अगदी वेगळा होतो. मे महिन्यातली वैनगंगा आणि श्रावणातली वैनगंगा कारध्याच्या पुलावर उभं राहून पाहिली, तर नदी एकच आहे हे कळतं, तरी दोन्ही वेळा मनात येतं ते सारखं नसतं ना? तसंच हे.

विलंब म्हणजे उशीर, हा अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसलेला. पण संगीतातलं विलंबित म्हणजे उशिरा आलेलं नव्हे. सुराला जितकी जागा लागते तितकी देणं, म्हणजे विलंबित. भाकर थापताना पिठाला जेवढं मळणं हवं तेवढं मळलंच पाहिजे, तसं. कमी मळलं तर कडा फाटतात. पण म्हणून कुणी तासभर मळत बसत नाही. हे तेवढं म्हणजे नेमकं किती, ते हाताला कळतं. गाण्यात ते गळ्याला कळावं लागतं.

वहीद खाँसाहेबांनी हिराबाईंना आपली सगळी पद्धत शिकवली. एका सुराचा किती अंगांनी विचार करता येतो, हे तिथे त्यांना उमगलं. वय वाढत्या मुलीचं आणि तालीम पोक्त माणसाला थकवणारी. पण त्या तालमीने सुराची धार आली ती कायमची. स्वर लावला की तो नेमका, गोळीबंद, जरासुद्धा वर-खाली नाही, ही हिराबाईंची ओळख या संथ मेहनतीतून घडली. जलद गाण्यात थोडं कमी-जास्त खपून जातं. संथ गाण्यात लपायला जागाच नसते.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास त्या पहिल्यांदा जाणत्या श्रोत्यांसमोर गायल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या मुंबईतल्या गांधर्व महाविद्यालयातल्या संगीत परिषदेत. त्या काळी चांगल्या घरच्या बाईने चारचौघांत गायचं नाही, अशी समजूत होती. गाणारी बाई म्हणजे कोठ्यावरची, असं सरसकट मानलं जाई. अनेक गुणी गायिका श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गात, पण समाज त्यांना आपल्या घरच्या हळदीकुंकवाला बोलवत नसे. अशा काळात हिराबाई तिकीट लावून झालेल्या जाहीर मैफिलीत गायल्या. जाहीर तिकिटावर शास्त्रीय गाणं गाणारी पहिली स्त्री असा त्यांचा मान मानला जातो.

त्या मैफिलीचं रूप डोळ्यांपुढे आणा. नऊवारी किंवा साधी पाचवारी साडी, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, बैठक मारून, हात जवळपास स्थिर, चेहऱ्यावर शांतपणा. ना हातवारे, ना अदा. समोर कोण बसलेले? नाटकाची पदं ऐकून कान तयार झालेला मराठी प्रेक्षक. कारकून, शिक्षक, व्यापारी, वकील. आणि हळूहळू त्यांच्या घरच्या बायकासुद्धा! दिवाणखान्यातल्या मैफिलीत बाईला ऐकायलाही जागा नव्हती. नाट्यगृहात तिकीट काढून ती बसू शकत होती.

आता हिराबाईंपुढे खरा पेच उभा राहिला. गुरूने दिलेली लय अशी, की एका रागाला दोन-तीन तास लागावेत. समोरचा श्रोता असा, की बालगंधर्वांच्या पदांवर वाढलेला, त्याला शब्द ऐकायची सवय, तासभर एकाच सुरात बसायची नाही. वर नाट्यगृह मोठं. सुरुवातीच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हते, आणि हिराबाईंचा आवाज मधुर, मुलायम, काही दणकट नव्हे. दोन वाटा सोप्या होत्या. गुरूची लय जशीच्या तशी लावायची आणि श्रोता उठून गेला तर त्याला काही कळत नाही म्हणायचं. नाहीतर ख्याल सोडून सरळ जलद, टाळ्या घेणारं गाणं गायचं. तानांचा पाऊस पाडायचा.

त्यांनी या दोन्ही वाटा घेतल्या नाहीत.

त्यांनी ख्याल विलंबितच ठेवला, पण आवर्तन आखडतं घेतलं. सुराला पसरायला जागा राहील, मात्र ऐकणाऱ्याच्या मनातून सम हरवणार नाही, एवढंच संथ. आलाप एकामागून एक नेमके, त्याच त्या जागा पुन्हा नाहीत. राग रंगला की थोड्या ताना, त्याही स्वच्छ. मग छोटा ख्याल. मग दुसरा राग, ठुमरी, नाट्यपद, भजन. एका बैठकीत श्रोत्याला पोटभर आणि चवीचवीचं मिळे. गुरूच्या गाण्याचं सार त्यांनी ठेवलं, लांबी कमी केली.

हे वाचायला सोपं वाटतं. पण लय ठरवणं म्हणजे प्रत्यक्षात काय असतं ते समजून घेतलं, तर हिराबाईंचं मोठेपण नीट कळेल.

गायिका तंबोऱ्यांच्या सुरात थोडा आलाप करते आणि बंदिशीची पहिली ओळ, म्हणजे मुखडा उचलते. त्या मुखड्याच्या चालीवरून तबलजीला कळतं की ठेका किती संथ धरायचा. सम आली की तो ठेका सुरू करतो. एकदा लय बसली की ती पुढे अर्धा-पाऊण तास सांभाळायची असते. म्हणजे निर्णय होतो तो पहिल्या अर्ध्या मिनिटात! त्या अर्ध्या मिनिटात गायिकेला किती गोष्टी तोलाव्या लागतात बघा.

पहिली गोष्ट बंदिशीचे शब्द. शब्द भरगच्च असतील आणि लय फार संथ लावली, तर शब्द तुटतात. एक अक्षर इथे, दुसरं दहा सेकंदांनी तिथे. अर्थ सांडून जातो. शब्द मोजके असतील तर त्यांना लांब ताणता येतं.

दुसरी गोष्ट राग. दरबारी, मालकंस असे गंभीर राग संथपणात खुलतात. दरबारीतला हलता गंधार घाईत लावताच येत नाही. बहार किंवा अडाणा अवखळ, त्यांना फार वेळ एका जागी बसवलं की ते रुसतात.

तिसरी गोष्ट श्वास. लांब आवर्तनात पाच-सहा वेळा श्वास घ्यावा लागतो आणि तो ऐकणाऱ्याला कळता कामा नये. प्रत्येकीचा श्वास वेगळा, वयाप्रमाणे बदलणारा. दुसऱ्याच्या श्वासावर बेतलेली लय आपल्या गळ्यात बसत नाही.

चौथी गोष्ट समोरचा श्रोता, जागा आणि वेळ. रात्री दोन वाजता जाणकार बसलेले असताना जे चालतं, ते संध्याकाळी नाट्यगृहात चालेलच असं नाही.

आणि पाचवी गोष्ट, सगळ्यात अवघड. आपल्याजवळ सांगण्यासारखं किती आहे? लय जितकी संथ, तितकी दोन समांमधली जागा मोठी. ती जागा विचारांनी भरता आली पाहिजे. नुसतं रेंगाळणं म्हणजे विलंबित नव्हे. सांगायला काही नसताना संथ लय धरली, तर रिकाम्या घरात फिरल्यासारखं होतं. हिराबाईंजवळ सांगण्यासारखं खूप होतं. तरी त्यांनी सगळं सांगायचा हट्ट धरला नाही. जेवढं समोरच्याच्या मनात मुरेल, तेवढंच दिलं. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

याच काळात आणखी एक कसोटी आली. ध्वनिमुद्रिकांची, म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं तवा म्हणत त्या काळ्या तबकडीची. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. आता ७० सेकंदांचं आवर्तन असेल तर एका बाजूत अडीच-तीन आवर्तनंच बसणार! तेवढ्यात राग काय दाखवायचा? त्यामुळे तबकडीसाठी मध्य लय, जलद लय घेणं भागच होतं. भल्याभल्या गवयांची तबकडीवर तारांबळ उडे. अर्ध्या तासाचं गाणं तीन मिनिटांत कोंबायच्या नादात गाणं धापा टाकी. हिराबाईंच्या तबकड्या ऐकताना मात्र घाई जाणवत नाही. लय चढी असली तरी सूर निवांत असतो. तबकडीने त्यांना घराघरांत नेलं. हॉटेलांत, वाड्यांत, फोनोग्राफच्या दुकानांपुढे उभं राहून लोकांनी त्यांची भावगीतं, पदं ऐकली. ज्या गावांत कधी मैफल होणार नाही, तिथेही त्या पोचल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं असं मात्र समजू नका. १९२९ साली माने कुटुंबाने नूतन संगीत नाटक मंडळी काढली. हिराबाई आणि त्यांच्या बहिणी रंगभूमीवर उतरल्या. तोवर मराठी रंगभूमीवर बाईची कामं पुरुषच करत. बालगंधर्वांचा तर तो सुवर्णकाळ. बायकांच्या वेगळ्या मंडळ्या होत्या, पण बाईची भूमिका बाईने आणि पुरुषाची पुरुषाने एकत्र करणं हे नवं होतं. ‘सौभद्रा’त हिराबाई सुभद्रा झाल्या. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांतही एके काळी मिशा उतरवून लुगडं नेसणारे नटच होते आणि आज मुली रात्र-रात्र मंच गाजवतात. त्या वाटेवर पहिली पावलं टाकणाऱ्यांत हिराबाई होत्या, हे आपल्या मुलींना माहीत असावं.

पण नाटकाचा धंदा काही जमला नाही. बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळला. काही वर्षांतच कंपनी बंद पडली आणि मागे राहिलं कर्ज. हे कर्ज हिराबाईंनी फेडलं, गावोगाव मैफिली करून. रात्रीचा रेल्वेचा प्रवास, सकाळी गाव, संध्याकाळी गाणं, पुन्हा गाडी. डोक्यावर देणेकरी असताना तर जास्तीत जास्त टाळ्या घेणारं, पळतं गाणं गाण्याचा मोह कुणालाही झाला असता. कर्जाला घाई असतेच! पण हिराबाईंनी गाण्याला ती घाई लागू दिली नाही. कर्ज फिटलं, गाणं शाबूत राहिलं. बचत गटाच्या हप्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना यातलं कष्टाचं मोल वेगळं सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, हिराबाईंनी लय थोडी चढवली म्हणजे गुरूची विद्या पातळ केली का? मला तसं वाटत नाही, आणि त्यासाठी बाकीच्या मोठ्या गायिकांकडे बघावं. हुबळीच्या गंगूबाई हनगल. घराणं हेच, किराणा. हिराबाईंना त्या थोरल्या बहिणीसारखं मानत. त्यांचा आवाज भारदस्त, पुरुषी वाटावा असा आणि गाणं संथ, धिम्या पावलांचं. त्यांना तेच शोभत होतं. दुसरीकडे जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकर. त्या घराण्यात लय फार संथ नसते, आवर्तन सुरांच्या वीणकामाने भरगच्च असतं आणि लयीवर मोगूबाईंची हुकमत अशी, की तबलजीही जपून बसत. पण त्यांच्याच पोटच्या मुलीने, किशोरीताई आमोणकरांनी, आईकडून सगळं शिकून घेतलं आणि मग लय आईपेक्षा संथ केली, कारण त्यांना सुरातला भाव शोधायचा होता. म्हणजे बघा, हिराबाईंनी गुरूपेक्षा लय थोडी जलद केली, किशोरीताईंनी गुरूपेक्षा संथ केली, आणि दोघीही बरोबर! कारण दोघींनी आधी गुरूची लय पुरती पचवली. न शिकता मोडणं वेगळं, शिकून, समजून आपलं करणं वेगळं.

हिराबाईंनी पुढे शिकवलं तेही याच मोकळेपणाने. थोरले बंधू सुरेशबाबू १९५३ साली गेले. त्यांनी किती जणांना घडवलं! आपल्या विदर्भातल्या मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे त्यांच्याकडे शिकले. माणिक वर्मांनी दोघा बहीण-भावांकडून विद्या घेतली. प्रभा अत्रे आधी सुरेशबाबूंच्या शिष्या, त्यांच्यानंतर हिराबाईंच्या. प्रभाताई कितीतरी मैफिलींत हिराबाईंच्या मागे तंबोरा घेऊन बसल्या. मागे बसून साथ करताना लय कशी धरली जाते, कुठे थांबायचं, श्रोत्याचा अंदाज कसा घ्यायचा, हे सगळं नुसतं बघून शिकता येतं. पण प्रभाताईंचं गाणं म्हणजे हिराबाईंची नक्कल झाली नाही. त्यांनी आपली बंदिश रचली, आपला विचार मांडला, आपली लय धरली. २०२२ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि जानेवारी २०२४मध्ये त्या गेल्या, तोवर गात होत्या, शिकवत होत्या. शिष्येला आपली सावली न करणारी गुरू भाग्यानेच मिळते.

उतारवयात हिराबाई धाकट्या बहिणीबरोबर, सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबर जुगलबंदी गात. दोन पुरुषांनी एकत्र गाणं होतं, पण दोन बायकांनी मिळून ख्याल गाणं हे अपूर्वच होतं. दोघींत लय ठरवायची म्हणजे एकीने दुसरीसाठी थांबायचं, दुसरीने पहिलीला जागा द्यायची. दोघी जावांनी एका चुलीवर स्वयंपाक करावा आणि भांड्याला भांडं लागू नये, इतकं ते अवघड. पण लहानपणापासून एकाच तंबोऱ्याखाली वाढलेल्या या बहिणींना ते साधलं.

सरकार-दरबारीही मान मिळाला. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० साली पद्मभूषण. पण त्याहून मोठं काम दिसतं ते आपल्या अवतीभोवती. आज तालुक्याच्या गावीसुद्धा मुली गाण्याच्या परीक्षांना बसतात, शाळेच्या संमेलनात गातात, लग्न ठरवताना मुलगी गाते हे कौतुकाने सांगितलं जातं. शंभर वर्षांपूर्वी हीच गोष्ट लपवावी लागत असे. हा बदल भांडून झाला नाही. पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, शांतपणे बसून, अचूक सूर लावत हिराबाईंसारख्या बायकांनी तो घडवला. बदलाचीही एक लय असते. ती त्यांना कळली होती.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाई गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांचं आयुष्य. त्यांची गाणी आज मोबाईलवर सहज ऐकायला मिळतात. त्यातला एखादा विलंबित ख्याल लावा. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. तबल्याच्या बोलांबरोबर बोटांवर मात्रा मोजत बसा. मुखडा परत येतो आणि सम पडते, तिथे मान आपोआप हलते का बघा. दोन-तीन आवर्तनांनंतर हलायला लागते! मग त्याच रागातला वहीद खाँसाहेबांच्या वाटेने जाणाऱ्या अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित ख्याल ऐका. दोन्हींतला फरक कानाला आपसूक कळेल. कोणतं आवडलं, ते आपल्या आपण ठरवा.

आणि भजनी मंडळातल्या बायकांना एक सुचवावंसं वाटतं. कीर्तन सप्ताह असो की कार्तिकातला काकडा, अभंग सुरू करण्याआधी सगळ्यात लांब ओळ कोणती ते बघा. ती ओळ मंडळातल्या सगळ्यात वयस्कर बाईला एका श्वासात म्हणायला सांगा. तिला धाप न लागता जमते, ती आपली लय. तिच्या श्वासावर पेटी बसवा, पेटीवर ढोलकी. ढोलकी पळायला लागली तर गाणारीने टाळ हळू करावा, ढोलकीने ऐकलंच पाहिजे. कारण गाणं गाणारीचं असतं.